डाळिंबाकडे वळवलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची नळी आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मी एसीची नळी नाही. जन्मभर हेच सांगत आले, पण ऐकतं कोण?

माझं काम साधं आहे. गॅसचा बॉयलर घर गरम करतो, तेव्हा त्याच्या धुरातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. ते जरासं आंबट पाणी थेंब थेंब बाहेर नेऊन सोडायचं. त्यासाठी मला सगळीकडे उतार हवा आणि थंडीच्या जागी घराच्या आत आसरा हवा. एवढंच. पैठणी मागितली नव्हती मी.

ओमानमध्ये कसली थंडी, असं तुम्ही म्हणाल. जानेवारीत जबल अख्दरवर या एकदा. खाली मस्कतमध्ये लोक पंखे लावून बसतात, तेव्हा इथे डोंगरावर सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. इथल्या एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये २०१५ साली मला बसवलं. बसवणारा प्रशांत, मूळचा कुडाळचा. मस्कतमध्ये वर्षानुवर्षं एसी बसवून नुकताच इथे केअरटेकर म्हणून आला होता. माणूस कामसू, पण डोक्यात एसीच.

मालक अमीन शेजारी उभे होते. त्यांना सगळे अर्बाब म्हणत.

"अर्बाब, ये पानी फुकट नहीं जाएगा," प्रशांत म्हणाला. "मस्कत में हम एसी का पानी झाड़ को ही देता है. इसको भी अनार तक ले जाता हूँ."

"तमाम, तमाम," 'छान, छान' अशा अर्थाने अर्बाब खूश होऊन म्हणाले.

या डोंगरावर पाण्याला मोल आहे, तेव्हा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने उतार मिळत नाही. मला भिंतीबाहेर काढलं, उघड्या अंगणात आडवं झोपवलं आणि माझं तोंड डाळिंबाच्या मुळाशी नेऊन ठेवलं. माझ्या आंबट पाण्याने डाळिंबसुद्धा काही सुखावलं नाही.

पहिला हिवाळा सौम्य होता, कसाबसा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात प्रशांतची बायको सुगंधा डोंगराखालच्या निझवा शहरातल्या इस्पितळातून तान्ही मुलगी घेऊन इथे राहायला आली. बाळ अशक्त होतं. खोली सतत उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे सगळा भार बॉयलरवर, आणि बॉयलरचा माझ्यावर.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मी गोठले. तोंडापासून अर्ध्या अंगापर्यंत बर्फ. पाणी मागे तुंबलं, बॉयलर गुडगुड करून बंद पडला. प्रशांतने बटण दाबलं. चालू झाला, पुन्हा बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. मग त्याने गॅसला दोष दिला. त्याच गॅसवर स्वयंपाकघरात पेज रटरटत होती, पण ते दिसलं नाही. मस्कतच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "इन्शाल्ला, कल." वर यायला फोर-बाय-फोर गाडी लागते, तिच्याशिवाय खालच्या नाक्यावर पोलीस सोडत नाहीत, आणि ती त्याच्याकडे नव्हती, त्यामुळे त्याचा 'कल' काही उगवेना.

शेवटी प्रशांतने काय केलं असेल? नारळ आणला. बॉयलरसमोर उभा राहून गावच्या पद्धतीने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या बॉयलराक कोणाची नजर लागली आसात, तर ती भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाळाला छातीशी धरून सुगंधा म्हणाली.

कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता. नजर कसली लागायची? बाहेर येऊन माझ्याकडे नुसती नजर टाकली असती तरी पुरे होतं.

त्यानंतर सुगंधाने शेगडीजवळ बाळाला आंघोळ घातली आणि ते ऊन पाणी डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. तिच्या माहेरी बाळाचं पाणी झाडालाच घालत. ते माझ्या तोंडावरून वाहिलं, बर्फ सुटला, बॉयलर लागला. श्रेय कोणाला? नारळाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोठले. पुन्हा नारळ, पुन्हा आंघोळ, पुन्हा बॉयलर चालू.

"अहो, आंगोळीचा पाणी मी डाळिंबात ओतलंय की बॉयलर लागता," सुगंधा म्हणाली.

"नारळाचो गुण तो. तुका काय कळता त्यातला?"

तिसऱ्या दिवशी बाळाचे तळवे गार पडले. दूध ओढायचंही त्याने सोडलं. मी बाहेर बर्फ होऊन पडले होते आणि आतलं ते मलूल रडणं मला ऐकवत नव्हतं. प्रशांत नारळ सोलायला बसला, तेव्हा सुगंधाने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मुलीला उचललं.

"आधी त्या नळीकडे बघा. नायतर मी चेडवाक घेवन गावाक जातंय."

तो चिडून बाहेर आला, वाकला आणि माझ्या तोंडात बोट घातलं. बोट बर्फाला लागलं. मग गरम पाणी आणून त्याने मला मोकळं केलं. खोली तापली, बाळ दूध प्यायलं. दुपारी त्याने मला कापून आखूड केलं, घरात घेतलं, चांगला उतार दिला आणि न्हाणीघराच्या मोरीत सोडलं.

तेव्हापासून मी वाहते आहे. मित्रांनो, घरातलं काही बंद पडलं तर देवाला जरूर हात जोडा, पण आधी वाकून आमच्यासारख्यांची तोंडं बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.

मोरीत माझा आवाज घुमतो. सुगंधाने एकदा तक्रार केली, "ही नळी रात्रभर टपटपता. चेडवाची झोप मोडात."

"टपटपू दे," प्रशांत म्हणाला. "गप रवली तर माका उठव."