कात्रीकाका

"काका, एवढा तरी ठेवा ना. हसतोय बिचारा, त्यात कसलं आलंय गुपित?"

फौजेबरोबर आघाडीवर फिरून आलेली बातमीदार पोरगी खुर्ची पुढे ओढून बसली होती. तिने टिपलेलं सगळं आधी काकांच्या नजरेखालून जायचं. ठिकाण कळेल असं काही बाहेर जाता कामा नये. ना डोंगर, ना पूल, ना बाहीवरची खूण. पत्रकार त्यांच्या नावानं बोटं मोडत. 'कात्रीकाका' हे नाव त्यांनीच पाडलेलं, आणि काकांना ते मनातून आवडायचं.

पडद्यावर एक दाढी वाढलेला जवान पत्र्याच्या डब्याने तोंड धूत होता. मागे पुलाची कमान. त्याने कॅमेऱ्याकडे बघून दात काढले आणि काका पडद्याकडे झुकले. तो त्यांचाच मुलगा होता. कित्येक आठवडे त्याची काही खबर नव्हती.

"कधीचं हे?"

"काल सकाळचं. का हो?"

"पूल दिसतोय." काकांनी ते दोनदा मागे घेऊन पाहिलं. मग पुसून टाकलं.

संध्याकाळी निघता निघता वरून निरोप आला. तो पूल दुपारी बाँबहल्ल्यात पडला होता. माणसांचं अजून काही कळलं नव्हतं, आणि पुलाचंही कुठे बोलायचं नव्हतं.

घरी बायकोने ताट वाढता वाढता रोजचंच विचारलं, "काही कळलं का हो त्याचं?"

"नाही."

ती भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बघत म्हणाली, "किती गोड दिसतो नाही?"

"दाढीत जास्त शोभतो," काका बोलून गेले.

जन्मभर दुसऱ्यांचं कापणाऱ्या माणसाच्या तोंडून नेमकं तेवढं निसटलं. मुलाने घरी कधीच दाढी राखली नव्हती. बायकोचा हात जागीच थांबला. कुठे, कसा, कोणी दाखवला, तिने काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती तेवढं शिकली होती.

"बरा होता?"

काकांनी मान डोलावली. काल सकाळी तरी तो बरा होता.

ती डोळे पुसत हसली. तेवढ्यात सुनेचा फोन आला. "नाही गं, काहीच कळलं नाही," ती म्हणाली, पण आवाजातला आनंद तिला लपवता येईना. "तू पोटभर जेव बघू आधी. येईल गं तो."

आणखी वाढू का, असं विचारत ती परत आली, तेव्हा काकांचा पहिला घास अजून तोंडातच होता.