दहा पाय, दोन सह्या

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मासेवाली स्पर्धेतून बाद झाली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेची उपांत्य फेरी होती आणि शेवटचा प्रश्न होता, खेकड्याला एकूण पाय किती? तिने दहा सांगितले. पडद्यावर आठ आले. सूत्रसंचालकाने हळहळ व्यक्त केली आणि बारा मिनिटांची विश्रांती जाहीर झाली.

मासेवाली खुर्चीतून उठेना.

"साहेब, नांग्या मोजल्या का?"

"ताई, पडद्यावर आलं ना आता."

"पडद्याला कधी खेकडा चावलाय का?"

प्रेक्षक हसले. काचेपलीकडच्या खोलीत बसलेल्या तपासनीस बाईंना मात्र हसू आले नाही. प्रश्नाच्या कार्डावर दुसरी सही त्यांची होती.

तिथला नियम साधा होता. प्रत्येक उत्तर दोघांनी वेगवेगळे तपासायचे आणि एकाखाली एक सही करायची. पहिली सही विभागप्रमुखांची. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचे उत्तर चुकल्याचे कुणाला आठवत नव्हते, म्हणून सगळे त्यांना 'विश्वकोश' म्हणत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी चाळीस कार्डे संपवायची होती. वर विश्वकोशांची सही दिसली आणि बाईंनी खाली आपली ठोकली.

त्या मंचावर गेल्या. "दहा कशावरून म्हणालात?"

"रोज सकाळी टोपलीभर खेकड्यांच्या नांग्या दोऱ्याने बांधते मी. नांगी पण पायच हो बाई, नुसती जाडजूड. सांधे बघा, बाकीच्यांसारखेच. मागचे आठ आणि पुढचे हे दोन."

बाईंनी खोलीत येऊन कपाटातला प्राणिशास्त्राचा जाडा ग्रंथ काढला. त्यात स्पष्ट छापले होते. पायांच्या पाच जोड्या, पहिल्या जोडीच्या नांग्या झालेल्या. घड्याळात सात मिनिटे उरली होती. खेळाडूने मंच सोडला की निकाल बदलता येत नसे.

"काका, तुम्ही आठ कुठे पाहिले होते?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या विश्वकोशांपुढे ग्रंथ धरला.

विश्वकोशांनी ग्रंथ वाचला, पुन्हा वाचला. "मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात. वाटलं, एकदा खात्री करावी. पण खाली तू तपासणारच होतीस."

"आणि वर तुम्ही तपासलंच असणार, म्हणून मी तपासलं नाही."

"म्हणजे सह्या दोन, आणि बघितलं कुणीच नाही." ते खुर्चीत टेकले. "जाऊ दे. कुणाला कळणारही नाही."

"तिला कळलंय की, काका."

त्यांनी ग्रंथ मिटला.

"ती माघारी जाईल, उद्या पुन्हा दहाच पाय मोजेल," बाई म्हणाल्या. "आपण मात्र घरोघरी आठ सांगितलेले असतील. हात घालून शिकलेल्या बाईला आपण न बघता खोटं ठरवलं. तुमच्या शब्दाला मान आहे, तो तुम्ही पाहून सांगता म्हणून. आज पाहिलं नव्हतं, एवढंच सांगायचंय."

विश्वकोशांनी कार्ड उचलले, आठावर काट मारली, दहा लिहिले. मग बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते दिव्यांच्या झोतात गेले आणि सूत्रसंचालकाच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला.

"उत्तर दहा आहे. या ताई बरोबर होत्या. चूक माझी."

"आमची," बाई मागून म्हणाल्या.

अख्खे सभागृह उभे राहिले! मासेवालीने पदराने डोळे पुसले आणि शेजारची खुर्ची ओढून विश्वकोशांपुढे केली. "बसा साहेब. तुम्हाला तर दोनच आहेत."

सगळ्यात मोठ्याने विश्वकोशच हसले. मासेवाली अंतिम फेरीत गेली.

वाचकहो, अशी दुसरी सही आपणही रोज करतो. इमारतीच्या दुरुस्तीच्या कागदावर, औषधांच्या यादीवर, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर. वर कुणीतरी पाहिले असेल आणि खाली कुणीतरी पाहील, या भरवशावर चूक मधून निसटते. सही म्हणजे 'मी स्वतः पाहिले'. आणि ज्याचा हात रोज त्या कामात आहे, त्याला विचारण्यात कुणाची विद्वत्ता कमी होत नाही.

त्याच संध्याकाळी दोघांनी अंतिम फेरीची दोनशे बारा कार्डे टेबलावर ओतली. पहिल्या साठांत आणखी दोन चुका निघाल्या. उरलेली एकशे बावन्न अजून तपासायची आहेत. मासेवालीची अंतिम फेरी शनिवारी सकाळी अकराला आहे.