भिकाबाईंनी मला टाके घातले

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. पण माझ्यावर वह्या-पुस्तकं नाही, माणसं विसावतात. गोरेगावच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि वर निळं रेक्झिन चढवलं. तेव्हापासून मी जीपस्टँडमागे करुणा डॉक्टरांच्या अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात आहे. इथे केसासारख्या बारीक सुया ठरावीक जागी टोचून दुखणं हलकं करतात.

किती कंबरा, किती गुडघे मी पेलले! बरी झालेली माणसं डॉक्टरांचं कौतुक करतात, माझं नाव कोण घेणार? माझं रेक्झिन फाटलं, आतला स्पंज बाहेर डोकावू लागला. मला भंगारात द्यायची भाषा कानावर आली तेव्हा फार वाईट वाटलं.

अशात साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरून भिकाबाई आल्या. सोबत त्यांची नात निता होती. भिकाबाईंचा उजवा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जाईना. निताचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिच्या डोक्यावर ओढणी आजीनेच घालायची होती.

"मावशी, जेवून आल्या ना?" करुणाताईंनी विचारलं.

"न्हाई. रगत तपासायले उपाशीच बलावतेत की."

"अहो, इथं उपाशी नाही यायचं, चक्कर येते." ताईंनी आपल्या डब्यातली भाकरी त्यांना दिली आणि पोटाला आधार होईपर्यंत थांबल्या.

मग नवं पाकीट फोडून सुई काढली. भिकाबाईंनी माझी कड घट्ट धरली. "बाई, मले सुईचं लई भ्या वाटते!"

ताई हसल्या. "कोपरापर्यंत गोंदून घेतलं, तवा काहून न्हाई भ्याल्या?"

भिकाबाईही हसल्या, तेवढ्यात सुई गेली. मुंगी चावावी एवढंच. मग थोडं जड वाटतं, झिणझिण्या येतात. स्वस्थ पडून राहायचं. भिकाबाई तर चक्क घोरल्या! सुया काढून ताईंनी वापरलेल्या सुयांच्या वेगळ्या डब्यात टाकल्या, कारण एकाची सुई दुसऱ्याला वापरत नाहीत.

पण हात पहिल्याइतकाच वर गेला. निताचे डोळे भरले. "ही जादू न्हाई, हळूहळूच उतार पडतो. आणि घरी हात हलवत राहायचा," ताई म्हणाल्या. भिकाबाई येत राहिल्या.

लग्नाआधी शेवटच्या खेपेला त्यांनी पिशवीतून आरसे लावलेलं लाल कापड आणि सुई-दोरा काढला. "माझा भार वाह्यला यानं. असं उघडं काहून ठेवता?" म्हणत त्या माझ्या फाटक्या जागेवर ठिगळ लावू लागल्या. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचताना पाहिल्या, आज माझी पाळी होती. खरं सांगतो, मीही भ्यालो.

त्यांनी दोरा लांब ओढला. हात खांद्याच्या वर गेला, डोक्याच्याही वर गेला. भिकाबाईंचं लक्षच नव्हतं.

निता पुढे आली आणि त्या हाताखाली डोकं वाकवून उभी राहिली.

मित्रांनो, दुखणारं माणूस असो की फाटलेली वस्तू, टाकून देण्याआधी जरा थांबा. मला दुखलं नाही. मुंगी चावावी एवढंच.