दोन कुलपांची खोली

आमच्या प्रयोगशाळेत युरेनियमच्या खोलीत एकट्याने जायचं नाही. दाराला आकड्यांची दोन कुलपं. एकाचे आकडे फक्त मला ठाऊक, दुसऱ्याचे फक्त माझ्याबरोबर काम करणाऱ्या वजनकाकांना. एकाने आकडे फिरवताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. आत डबे तोलायचे, सील तपासायचे आणि सगळा वेळ एकमेकांवर नजर ठेवायची. ग्रॅमभर कमी भरलं तर दोघांचीही धडगत नाही.

माझ्यावर नजर ठेवणारं जगात दुसरं कोणी नाही. लग्न केलं नाही, भाऊ आहे तो असून नसल्यासारखा. वजनकाका नावाचेच वजनदार, बाकी काडीपैलवान. काकू गेल्यापासून आणखी वाळलेले. मी शिंकले तरी विचारायचे, "औषध घेतलंस का?" मी फटकन म्हणायचे, "तुम्ही डब्यांकडे बघा." जित्याची खोड, दुसरं काय! पण मला ते विचारणं फार हवं असायचं.

परवा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. कुलपाचा आवाज येईना.

"काका, झोपलात की काय?"

"आकडे आठवत नाहीत गं."

मी वळले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "अगदी ओठांवर आहेत, जरा थांब," ते म्हणाले. मी पुष्कळ थांबले. मागे त्यांनी एकच डबा दोनदा तोलला होता, तेव्हा मी चेष्टेवारी नेलं होतं. आता नेता येईना.

जोडीदाराचं चित्त ठिकाणावर नाही असं वाटलं, तर त्याच दिवशी साहेबांना सांगायचं, हा नियम. तो काकांनीच मला शिकवलेला.

"सांगणार?"

"हो."

"घरी बसवतील मला. तिथे कोण आहे गं? इथे निदान तू खेकसतेस तरी."

मला रडू कोसळलं. उद्यापर्यंत गप्प राहावं, असं शंभरदा मनात आलं. पण आतला एखादा डबा यांच्या विसरण्यात हरवला तर?

"डोळे पूस आणि जा," काका म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर एव्हाना जिना उतरलो असतो."

मी जाऊन सांगितलं. साहेबांनी लगेच त्यांचा पास काढून घेतला, सगळं नीट समजावलं. काकांनी मान डोलावली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

फाटकाबाहेर पडून ते वळले आणि हसून म्हणाले, "उद्या नेहमीच्याच वेळेला ना गं?"

एका दिवसात दोनदा खरं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. मी हो म्हणाले.