पहिली होडी कुणाची?

संसदेचं अधिवेशन चालू असलं की लोजेरिक बेटावर कुणी नारळ सोलायलाही उठत नाही. नीरफणसाच्या झाडाखाली चटया पडतात, फांदीला रेडिओ टांगला जातो आणि सगळं गाव राजधानीकडे, म्हणजे माजुरोकडे, कान लावून बसतं. त्या सकाळीही नेजोन केवड्याची पानं चिरत तिथेच बसली होती. रेडिओवर तिच्या धाकट्या भावाची, सेनेटर बिलिमॉनची, तोफ धडाडत होती.

"अध्यक्ष महाराज, वाहतूकमंत्री म्हणतात, जहाज दुरुस्तीला आहे. गेल्या वेळी दुरुस्तीला होतं, त्याच्या आधीही दुरुस्तीलाच होतं. अहो, या जहाजाला समुद्राची ॲलर्जी आहे का?"

झाडाखाली हशा पिकला.

"हसू नका! आमची आजारी माणसं वाळूवर बसून समुद्राकडे डोळे लावतात. त्यांना तुमचं उत्तर नको, जहाज हवंय!"

"बघा, सेनेटर काय बोलतायत!" दवाखान्यातला लोमान नेजोनकडे बघून म्हणाला.

नेजोनने मान खाली घातली, पण तिचा चेहरा फुलला होता. आईविना वाढलेल्या या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. आता तो मोठा झाला होता आणि ती त्याच्याशी फारशी बोलत नसे. आमच्याकडे बहीण-भावाचं नातं फार जपतात. वयात आल्यावर बहिणीने भावासमोर अंगाचं, बाळंतपणाचं अवाक्षर काढायचं नाही. तिसऱ्याने काढलं, तरी दोघांपैकी एकाने उठून जायचं. याला आम्ही मर्यादा म्हणतो आणि तिचा अभिमान मिरवतो. तिची किंमत कोण मोजतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

भांडून भांडून बिलिमॉनने अखेर नवं जहाज मिळवलं. पहिल्याच फेरीला तो स्वतः येणार असा निरोप आला आणि बेटावर एकच धांदल उडाली. डुकरं भाजायला घेतली, चाफ्याच्या माळा ओवल्या गेल्या. बेटाच्या जमिनीचे धनी आणि प्रमुख, ज्यांना आम्ही इरोज म्हणतो, ते स्वतः येऊन मांडव कुठे घालायचा ते दाखवून गेले.

जहाज यायच्या दिवशी सकाळी नेजोनच्या मुलीने, अल्मिराने, आईला आत बोलावलं. अल्मिराला आठवा महिना चालू होता. नवरा माजुरोला कामावर होता.

"आई, हे बघ." तिने चटई दाखवली. चटई लाल झाली होती.

लोमानने बिनतारी रेडिओवरून माजुरोच्या दवाखान्याशी बोलणं केलं आणि बाहेर येऊन नेजोनला म्हणाला, "बाई, आजच हलवायला सांगितलंय. अजिबात उशीर नको म्हणाले."

"आज जहाज आहेच की," नेजोन म्हणाली. "माझ्याच भावाचं जहाज. दुपारी निघतंय."

तिला खरंच हायसं वाटलं होतं. देवाने वेळेवर जहाज धाडलं, असं ती अल्मिराला दोनदा म्हणाली.

जहाजाने लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात, नांगर टाकला. पहिली होडी पाहुण्यांना घेऊन किनाऱ्याला लागली आणि रीतीप्रमाणे वाळूवर ओढून माळांनी सजवली गेली. मेजवानी संपून इरोज निरोप देईपर्यंत ती होडी हलत नाही, आणि तिच्याआधी दुसरीही पाण्यात जात नाही. पाहुणा जेवत असताना होडी पाण्यात लोटणं म्हणजे "उठा आता, निघा" असं तोंडावर सांगणं, आणि असा अपमान लोजेरिकने आजवर कुणाचाच केलेला नाही.

थोरली बहीण म्हणून जेवणाची पहिली टोपली नेजोनने ठेवायची होती आणि भावाच्या समोर बसून राहायचं होतं. बसण्याआधी तिने लोमानला खुणेने बाजूला घेतलं.

"तू सांग सेनेटरांना. होडी द्या म्हणावं."

"मी सांगीन हो, पण तुम्ही पुढ्यात बसणार. तुमच्यादेखत त्यांना ते कसं सांगू?"

"मी उठले तर टोपली कोण ठेवणार? काहीतरी करून सांग रे बाबा."

पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली. मग पहिलं भाषण झालं. भाषणानंतर लोमान वाकून, हात जोडून बिलिमॉनपाशी गेला.

"सेनेटरसाहेब, होडी जरा मिळाली असती तर... अल्मिराला बरं नाही."

बिलिमॉनने खेकड्याची नांगी खाली ठेवली. "काय होतंय माझ्या भाचीला?"

लोमानने नेजोनकडे पाहिलं. तिने चटईकडे पाहिलं.

"पोट... पोट दुखतंय जरा."

"मेजवानीच्या आधीच डुकरावर हात मारला असेल!" इरोज मोठ्याने म्हणाले, आणि मांडव हसला. बिलिमॉनही हसला.

आणि नेजोनही हसली. मेजवानीत पाहुण्याची बहीण तोंड पाडून बसत नाही, म्हणून हसली. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं लोमानने केलं आणि तिने त्याला साथ दिली. पुढे कितीतरी दिवस तिला ते हसू आपल्याच चेहऱ्यावर चिकटलेलं वाटायचं.

भाषणं चालूच राहिली. नाच झाला, बायकांनी रांगेने येऊन चटया आणि पंखे वाहिले. नेजोन मधूनमधून घराकडे बघत होती. सगळे उठले तेव्हा सूर्य पार कलला होता, आणि कप्तान मान हलवत होता.

"आता प्रवाळातून बाहेर पडायची खिंड दिसायची नाही. अंधारात प्रवाळावर जहाज घालू का? सकाळी निघू."

अल्मिराला जहाजावर नेलं तेव्हा ती बोलत होती. सकाळी खिंड ओलांडेपर्यंतही बोलत होती. उन्हं वर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आत डोळे मिटले. माजुरो अजून दिसतही नव्हतं. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं.

बिलिमॉन वरच्या खोलीतून धावत खाली आला. त्याने भाचीचा चेहरा पाहिला, मग चटई पाहिली, आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"ताई, सांगितलं का नाहीस?"

इतक्या वर्षांत प्रथमच नेजोनने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"तुझ्यासमोर?" ती म्हणाली.

अल्मिराला तिच्याच जमिनीत, लोजेरिकला आणून पुरलं. नेजोनने रेडिओ ऐकणं सोडून दिलं. पुढचं अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी लोमानच तिला झाडाखाली घेऊन गेला. सगळ्यांना वाटत होतं, सेनेटर आज मंत्र्याला सोलून काढणार. जहाजावर डॉक्टर का नाही, औषधं का नाहीत, विचारणार. खरंतर विचारायला हवंच होतं.

रेडिओतला आवाज मात्र खाली आला होता.

"अध्यक्ष महाराज, आज माझा प्रश्न मंत्र्यांना नाही. त्यांनी जहाज वेळेवर पाठवलं होतं. मी जेवत बसलो. माझी भाची गरोदर होती. तिला रक्तस्राव होत होता."

झाडाखाली बसलेल्यांवर जणू कुणी गार पाणी ओतलं. लोमानच्या बहिणीने हातांनी तोंड झाकलं. एक म्हातारा काठी टेकत उठून गेला. कुणीतरी लाजेने फिदीफिदी हसलं.

"सन्माननीय सदस्यांनी मर्यादा पाळावी," अध्यक्षांचा आवाज आला. "घरोघरी बहीण-भाऊ एकत्र बसून ऐकत आहेत."

"मर्यादा पाळली होती, अध्यक्ष महाराज. म्हणून तर ती गेली."

मग त्याने ठराव वाचला. सरकारी जहाजाने नांगर टाकला की पहिली होडी आजाऱ्याची. बेटावर कोण आजारी आहे, काय होतंय, हे विचारल्याशिवाय सेनेटर, मंत्री, इरोज, कुणीही असो, त्याने किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. सभागृहात कुजबुज झाली. बैल गेला अन् झोपा केला, असं एकजण माईकजवळ म्हणालाच, आणि ते सगळ्या बेटांनी ऐकलं. ठराव समितीकडे गेला. इरोजांनी रेडिओ बंद करायला लावला.

नेजोन उठून घरी गेली. भावाने इतकं बोलूनही तिच्या मनाची तगमग कमी झाली नव्हती. तो तिथे बोलला होता, पण ती इथे गप्प बसली होती, आणि हे कुठल्याच ठरावात येणार नव्हतं.

काही महिन्यांनी जहाज पुन्हा आलं. बिलिमॉनही आला. इरोजांनी मांडव घातलाच होता. कायदा झालेला नव्हता, तेव्हा रीत जुनीच. लोमानच्या बायकोला, जिनेटला, पहाटेपासून कळा येत होत्या. बाळ आडवं होतं. तिला चटईवर निजवून झाडाखाली आणलं होतं आणि लोमान नुसता इरोजांकडे बघत उभा होता.

होडी किनाऱ्याला आली. बिलिमॉनने एक पाय बाहेर काढला. टोपली घेऊन उभी असलेली नेजोन टोपली वाळूवर ठेवून थेट पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात ती होडीच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"बिली, किनाऱ्यावर पाय ठेवू नकोस." आवाज सगळ्या किनाऱ्याला ऐकू जात होता. "जिनेटला कळा येतायत. बाळ आडवं आहे तिचं. आधी ती जाईल."

किनाऱ्यावरच्या पुरुषांनी माना वळवल्या. बिलिमॉनचे कान लाल झाले. त्याने बाहेर काढलेला पाय परत आत घेतला.

"नेजोन," इरोज गरजले, "लाज बाळग! भाऊ आहे तो तुझा."

"लाज खूप होती, इरोज," ती मागे न बघता म्हणाली. "ती अल्मिराबरोबर पुरली मी."

बिलिमॉन बुटांसकट पाण्यात उतरला. त्याने होडी धरून ठेवली. लोमानने आणि दोन बायकांनी जिनेटला आत निजवलं. माळा लागायच्या आतच होडी परत फिरली आणि जहाजाच्या शिडीला लागली. बहीण-भाऊ तसेच पाण्यात उभे होते, हातभर अंतर ठेवून. इरोज जेवले नाहीत. लोजेरिकवर आजही नेजोनचं नाव काढलं की काहींची तोंडं वाकडी होतात.

ठराव अजून समितीतच पडून आहे. पण आता जहाजाने नांगर टाकला की नेजोन आधी पाण्यात जाऊन उभी राहते आणि किनाऱ्याकडे तोंड करून विचारते, "कोण आजारी आहे? काय होतंय?" पहिल्या वेळी कुणीच बोललं नाही. ती तशीच उभी राहिली. मग मागून एका पोरीने, स्वतःच्या भावासमोर, उत्तर दिलं.