सरबताचा फोटो

मार्तंडने दाराशी जाऊन पंख्यांची बटणं खटाखट चालू केली. डोक्यावरचे पंखे कुरकुरत फिरायला लागले, तशा पंगतीकडे निघालेल्या दोन बायका थांबल्या आणि त्यांनी माना वर करून वारा घेतला. मार्तंड स्टेजपाशी परत पोचतो न पोचतो तोच पंखे पुन्हा थांबले. बटणांपाशी चंद्रप्रकाश उभा होता. हा नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ, मस्कतहून सुट्टीवर आलेला, खांद्यावर नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा घेऊन सकाळपासून सगळ्यांच्या पायात येत होता.

"ओ फोटोवाले, फ्यूज जाईल ना यार! माझे दोन हॅलोजन चालू आहेत. आणि पंख्याने होमाचा धूर सगळा लेन्समध्ये येतो."

"आणि माणसं उकडून निघाली तर?"

"आता कितीसं राहिलंय? सप्तपदी झाली की लावू."

मार्तंडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लग्नातल्या फोटोग्राफरने भांडायचं नसतं. त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

हॉल कसला, गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या अंगाला असलेल्या एका शाळेचं सभागृह ते. मे महिन्याच्या सुट्टीत लग्नाला भाड्याने देत. वर सिमेंटचे पत्रे, खिडक्या उंचावर, आणि वैशाखातली टळटळीत दुपार. नाव सूर्याचं असलं तरी मार्तंडचा उन्हाशी उभा दावा होता. वीस वर्षं लग्नं काढून त्याने उन्हाळ्याची आपली पथ्यं ठरवली होती आणि मुलीच्या वडिलांना, दत्तारामला, ती आधीच सांगितली होती. घरच्यांचे ग्रुप सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचे. नवरीचे एकटीचे फोटो सगळ्यांत आधी, कारण दुपारनंतर चेहरा चेहऱ्यासारखा राहत नाही. तोंडावर क्रीम थापायचं नाही, घाम नुसता टिपायचा आणि वर पावडर. फिल्मचे रोल ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात. आणि नवरीला दर थोड्या वेळाने पाणी. बिचाऱ्या दत्तारामने मान डोलावली होती. पण चारकोपहून यायचं वऱ्हाड घटका भरत आली तेव्हा आलं, ग्रुप राहिले ते राहिलेच, आणि पाळलं गेलेलं पथ्य एकच: फिल्मचे रोल तेवढे गारव्यात होते.

होमापुढे अनुपमा बसली होती. अंगावर जड शालू, समोर धग, बाजूला हॅलोजन. सकाळपासून मार्तंड तिच्या करवलीला सारखा खुणावत होता, "टिप, कपाळ टिप." आता त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं तर टिपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कपाळ कोरडं ठाक. वरच्या ओठावरची पावडर जशीच्या तशी. आणि नजर कुठे लागली होती ते तिचं तिला तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

"आता किती छान दिसतेय ना?" करवली म्हणाली. "घाम थांबला एकदाचा."

मार्तंडने कॅमेरा खाली घेतला. या उन्हात घाम थांबणं कशाचं लक्षण, हे त्याला दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका लग्नात कळलं होतं. तिथला आचारी असाच कोरडा पडला होता आणि त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

दत्ताराम पंगतीच्या दाराशी हात जोडून उभा होता. गिरणी संपात गेली तेव्हापासून तो एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदारी करत होता, आणि हात जोडणं आता त्याच्या अंगवळणीच पडलं होतं.

"दत्ताराम, पोरीला आधी पाणी द्या."

"तेच तर, मार्तंडराव. त्यांच्यात सप्तपदीपर्यंत पाणी चालत नाही."

"ती पडेल."

दत्तारामचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पडायला नको हो. पडली तर म्हणतील, मुलीला फिट येते, फसवलंत आम्हाला. आधीच दोनदा मोडलंय तिचं. आता कसंतरी निभावू दे."

म्हणजे पोरीने पडायचंही नाही आणि प्यायचंही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मार्तंडला दत्तारामची कीव आली आणि तितकाच रागही आला. मग तो वरपक्षाच्या खुर्च्यांकडे वळला.

मधल्या खुर्चीत अंजनाबाई होत्या, नवऱ्या मुलाची थोरली आत्या. त्या घरात पान हलायचं ते त्यांना विचारून. शेजारी मुलाची आई, मथुरा, मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. मार्तंडने होता होईल तेवढ्या नरमाईने सांगितलं, मुलीचा घसा कोरडा पडलाय, घोटभर पाणी द्यायला हवं.

"आमच्यात सप्तपदी होयसर नवरी पाणी पिना नाय," अंजनाबाई म्हणाल्या. "ह्या मथुराक विचारा. लग्नात आडवी झालेली ही, सगळ्या मांडवादेखत. तरी आम्ही पाणी दिला नाय. काय गो?"

मथुराने पदर सारखा केला आणि ती होमाकडे बघत राहिली.

"तेव्हापासून गावात हिका चक्कर म्हणतत," अंजनाबाई हसून म्हणाल्या. "पण रीत मोडली नाय."

मार्तंड मथुराकडे बघतच राहिला. अंजनाबाईंचं तो समजू शकत होता. हुकूम सोडायची सवय लागलेली बाई ती. पण हिने हे सगळं आपल्या अंगावर काढलंय, जन्मभर त्याचं नाव लावून घेतलंय, आणि आज दुसरीची पोर तशीच सुकत असताना ही बाई ढिम्म बसून राहते? पाण्याच्या पिंपापासून चार पावलांवर? जिने सोसलं तीच पुढचीला सोसायला लावते, असं लोक म्हणतात ते उगाच नाही. त्याला तिची इतकी चीड आली की तिथून निघून जावंसं वाटलं. हात रिकामे नकोत म्हणून त्याने कॅमेरा उचलला मात्र, आणि अंजनाबाईंनी बोलता बोलता हनुवटी वर केली, नथ सरळ केली आणि तोंड मिटून घेतलं.

मार्तंड कॅमेऱ्यामागे क्षणभर थबकला.

लग्नात भटजी विनवण्या करतो, मुलीचा बाप हात जोडतो, नवरा मुलगा तर कोणाच्या खिजगणतीतच नसतो. हुकूम सोडतो तो एकटा फोटोवाला. उठा म्हटलं की सासरे उठतात, सरका म्हटलं की सासू सरकते, हसा म्हटलं की जन्माचे वैरीसुद्धा हसतात. आणि हा शहाणा सकाळपासून विनंत्या करत फिरत होता!

"चला, सासूबाईंचा फोटो राहिलाय!" त्याने टाळी वाजवून आवाज चढवला. "सासू सुनेला सरबत पाजते तो. भटजीबुवा, जरा थांबा."

"असलो फोटो खंयचो?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हल्ली सगळीकडे घेतात आत्याबाई. गिरगावात, दादरला. हा नसला तर अल्बम अर्धा वाटतो." इतकं धडधडीत खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता, आणि त्याची जीभ जराही अडखळली नाही. "तुम्ही घरात मोठ्या. तुम्ही मागे मधोमध उभ्या राहा. तुमच्याशिवाय फोटोला शोभा नाही."

"झकास आयडिया!" चंद्रप्रकाश हॅलोजन वळवत म्हणाला. उंटावरचा हा शहाणा पहिल्यांदाच कामाला आला. "तिकडे मस्कतला सगळे बघतील."

अंजनाबाई उठल्या. पण उठता उठता त्यांनी बोट वर केलं. "पिवचा नाय हां. नुसता ओठांक लावचा."

"व्हिडिओत सगळं दिसतं ना आत्या," चंद्रप्रकाश म्हणाला. "नुसतं लावलं तर खोटं वाटेल. पिऊ दे."

मागे मधोमध उभ्या राहिलेल्या अंजनाबाईंनी पदर नीट केला आणि त्या गप्प झाल्या. कोणीतरी पाहुण्यांच्या कोकम सरबताचा ग्लास आणून दिला. मथुरा पुढे आली, तिने ग्लास घेतला आणि सुनेच्या ओठांना लावला. मार्तंडने फ्लॅश मारला. दोन घोट पोटात गेले असतील नसतील, तेवढ्यात मथुराने ग्लास मागे घेतला.

"डोळे मिटले माझे," ती म्हणाली. "परत काढा."

मार्तंडने दात आवळले. पुन्हा ग्लास, पुन्हा फ्लॅश. या वेळी अर्धा ग्लास संपला.

"परत मिटले."

"नाही हो मिटले."

"मिटले. मिया सांगतंय ना? ह्या लायटीत डोळे उघडे रवणत नाय." आणि तिने मागे न बघताच हात लांब करून करवलीकडून दुसरा भरलेला ग्लास मागून घेतला.

इथे पोर मरायला टेकलीय आणि या बयेला आपल्या डोळ्यांची पडलीय! रोल संपत आला होता. एरवी त्याने नुसता फ्लॅश उडवून वेळ मारून नेली असती. असे हौशी लोक लग्नात ढिगाने भेटतात आणि प्रत्येकासाठी फिल्म जाळली तर धंदा बसेल. पण अनुपमा पीत होती. म्हणून त्याने तिसरा फोटोही काढला, चांगला सावकाश काढला, ग्लासचा तळ दिसेपर्यंत खटका दाबला नाही.

"आता बरो इलो असतलो," मथुरा म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

थोड्या वेळाने अनुपमाने पापण्या हलवल्या. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब धरले, आणि करवली "अगंबाई, पुन्हा सुरू झाला" म्हणत रुमाल शोधायला लागली. सप्तपदीला ती स्वतःच्या पायांनी उठली आणि स्वतःच्या पायांनी चालली. दाराशी दत्ताराम डोळे पुसत होता. मार्तंड हॉलमधून निघाला तो छाती फुगवून. मुलीला आपण वाचवलं, त्या सगळ्या थंड काळजाच्या माणसांच्या नाकावर टिच्चून वाचवलं, हे त्याने घरी बायकोला जेवताना सांगितलं, आणि झोपताना पुन्हा एकदा सांगितलं. मथुराचं नाव निघालं तेव्हा त्याने वापरलेला शब्द ऐकून बायकोने त्याला गप्प केलं.

दत्तारामला रंगीत परवडलं नव्हतं, तेव्हा फोटो काळेपांढरे होते आणि धुवायचे मार्तंडलाच होते. उन्हाळ्यात औषध तापतं आणि फिल्मचा मुलामा सुटतो, म्हणून कांदिवलीच्या आपल्या स्टुडिओत तो ट्रेभोवती बर्फ रचून बसला. लाल दिव्याखाली त्याने सरबताचा पहिला फोटो औषधात सोडला. कागदावर आधी काळं उमटतं. केस उमटले, कुंकू उमटलं, आणि मग मथुराच्या डोळ्यांतली बुबुळं उमटली.

ती टक्क उघडी होती.

त्याने दुसरा कागद सोडला, मग तिसरा. तिन्ही फोटोंत मागे अंजनाबाई कॅमेऱ्याकडे बघत तोंड मिटून उभ्या होत्या. मथुरा कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नव्हती. ती सुनेच्या गळ्याकडे बघत होती, घोट उतरतोय की नाही ते. मार्तंड ट्रेवर तसाच वाकून राहिला, आणि तिसरा कागद काळा पडायला लागला तेव्हा कुठे त्याला तो बाहेर काढायची आठवण झाली. तो त्याला पुन्हा करावा लागला.

अल्बम बघायला मथुरा एकटीच आली, भर दुपारी, चारकोपहून चालत. काउंटरशी उभं राहून तिने एकेक फोटो पाहिला. सरबताचे तीन फोटो त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्याने काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण तिच्यासमोर त्यातलं काहीच आठवेना.

"वहिनी, डोळे कुठल्याच फोटोत मिटलेले नाहीत."

"नायत?" तिने तिन्ही फोटो बाजूबाजूला ठेवून पाहिले. "माका वाटला, मिटले."

तिने एक फोटो अल्बममध्ये परत सारला आणि दोन पिशवीत टाकले.

"ह्ये अल्बमात नको. तीन कशाक, म्हणान वन्सं विचारतले."

"मी तुमच्याबद्दल भलतंच..." तो म्हणाला आणि अडखळला. "म्हणजे त्या दिवशी..."

"माझ्या लग्नात फोटोवालो नव्हतो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि पदराने मानेवरचा घाम पुसला.

तेव्हा मार्तंडच्या ध्यानात आलं, की ही बाई एवढ्या उन्हातून आलीय, मघापासून उभी आहे, आणि पंख्याचं तोंड आपल्याकडे आहे. त्याने आपलं स्टूल काउंटरबाहेर नेऊन ठेवलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि माठातलं पाणी ग्लासात ओतून पुढे केलं.

"नको. घराकडे जावन पिन."

"घ्या वहिनी."

तिने ग्लास घेतला. स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी धरून तिने तो एका दमात संपवला. पिताना तिचे डोळे मिटले होते.