पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे

पिंपरीत कारखाने उभे राहू लागले, तसे उद्धवराव मास्तरांना पेन्शनीत पुन्हा विद्यार्थी मिळाले. दुपारपाळीला जाण्याआधी पाच-सहा कामगार त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शिकायला बसत. मास्तरांची रीत एकच : आधी अर्थ, मग प्रत्येकानं आपल्या घरातलं वाक्य करायचं. पुस्तकातलं वाक्य आणलं की मास्तरांचा पारा चढलाच.

सत्तावन्न सालच्या मार्चात एकदा फळ्यावर ‘पुट ऑफ’ होतं. दिवा मालवणं, पाहुण्याला टाळणं, काम पुढे ढकलणं. खेडकडच्या भिमाजीनं तिसरा अर्थ धरला. “आई माझं लगीन पुढं ढकलती, मी कंपनीत कायम होईस्तोवर.” सगळे हसले. कायम होण्याची परीक्षा चार दिवसांवर आली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला तारवाला आला. वस्तीतल्या साऱ्या तारा वाचायला मास्तरांकडेच यायच्या. ही भिमाजीची होती. मदर सीरियस, स्टार्ट ॲट वन्स. मास्तर गालातल्या गालात हसले. रजा मिळावी म्हणून असल्या तारा करायला त्यांनीच तर लोकांना शिकवलं होतं. कुणाची जत्रा असो, कुणाचं मुलगी पाहणं असो, आई आपली सीरियस! पोराचं नशीब दहा वाजता उघडायचं, त्यात हे कशाला मध्ये? त्यांनी तार कोटाच्या खिशात घातली आणि दुपारी बाराला, पेपर सुटल्यावर, भिमाजीच्या हातात दिली. “आत्ताच आली,” म्हणाले.

आईचं तेरावं उरकून भिमाजी परतला तेव्हा तो पास झाल्याचं कळलं होतं. त्या तेरा दिवसांत मास्तरांना अन्न गोड लागलं नव्हतं. भिमाजी ओसरीवर बसला, वही उघडली.

“मास्तर, त्या दिशीचं वाक्य बदलायचंय. आईनं पानी पुढं ढकललं.”

“म्हणजे?”

“सकाळधरनं घसा सुकला व्हता तिचा. मामी चमच्यानं पाजाय बसली, तर व्हट मिटून घ्यायची. भिमाच्या हातचं घेईन म्हनायची. शेवटचं पानी पोराच्या हातचं लागतंय न्हवं. तीनाला गेली. मी चाराला पोचलो.” त्यानं पेन्सिल उचलली. “हे इंग्रजीत कसं ल्ह्यायचं?”

मास्तरांनी खडू घेतला, खाली ठेवला. चाळीस वर्षं शिकवताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती.

“भिमाजी, तार आठलाच आली होती रे. मी खिशात ठेवली. मला वाटलं, नेहमीसारखीच…”

भिमाजीनं वही मिटली. मग उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्यानं तांब्या भरला आणि मास्तरांपुढे धरला.

“घसा सुकलाय तुमचा,” तो म्हणाला. “घ्या. माज्या हातचं हाय.”

मास्तरांनी तांब्या घेतला. पाणी काही त्यांना तोंडाला लावता येईना.